वैद्यबुवांना फितूर कोणी ठरवले?

पत्र : सप्रेम नमस्कार. आम्ही १४ जण गेली दीड वर्षे डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर मराठीतून लेखी रोलप्ले खेळतो, म्हणजे प्रत्येक जण एकेक पात्र घेऊन सगळे मिळून गोष्ट लिहितो. घाटमाथ्यावरचा एक काल्पनिक किल्ला, त्याला पडलेला वेढा आणि आत अडकलेली माणसे असे आमचे कथानक आहे. मी सूत्रधार आहे. जूनमध्ये शत्रूला चोरवाट दाखवणारा फितूर कोण, हे ठरवायची वेळ आली. मी एका संध्याकाळी सहा वाजता पोल टाकला आणि रात्री बाराला बंद केला. वैद्यबुवांना ५, कारकुनाला ४ आणि किल्लेदाराच्या मेहुण्याला ३ अशी १२ मते पडली. मेलबर्नचा एक सदस्य आणि वैद्यबुवांचे पात्र खेळणाऱ्या, न्यू जर्सीत राहणाऱ्या ताई, या दोघांचे मत आले नाही. निकाल लागताच तिघांनी उत्साहाने प्रसंग लिहूनही टाकले; त्यांत वैद्यबुवांच्या झोळीत शत्रूच्या मोहरा सापडतात. दुसऱ्या दिवशी ताईंनी ‘माझ्या पात्राला फितूर ठरवण्यापूर्वी मला एकदा विचारायला हवे होते’ एवढेच लिहिले आणि तेव्हापासून त्या फिरकलेल्या नाहीत. आता अर्धे लोक म्हणतात निकाल फिरवा, अर्धे म्हणतात बहुमत म्हणजे बहुमत. मी काय करावे? आणि पुढे असे निर्णय घ्यायचे तरी कसे?
– एक सूत्रधार, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. ‘बहुमत म्हणजे बहुमत’ म्हणणाऱ्यांना आधी तुमच्याच पत्रातला आकडा वाचून दाखवावा असे मला वाटते. मत देणाऱ्या १२ जणांपैकी ७ जणांनी वैद्यबुवांना फितूर म्हटलेले नाही, आणि सगळ्या १४ जणांचा विचार केला तर ५ म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. मेहुण्याला मत देणाऱ्या तिघांना ‘मेहुणा नसेल तर कोण?’ असे विचारले असते आणि त्यांनी कारकुनाचे नाव घेतले असते, तर त्याच माणसांच्या त्याच संध्याकाळच्या मतांनी वैद्यबुवा ७ विरुद्ध ५ असे निर्दोष सुटले असते. तीन पर्याय समोर असले की निकाल लोकांच्या मनाबरोबरच मोजणीच्या पद्धतीवरही अवलंबून राहतो, हे मार्की द कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्येच दाखवून दिले होते. पहिल्यापेक्षा दुसरा बरा, दुसऱ्यापेक्षा तिसरा बरा आणि तिसऱ्यापेक्षा पुन्हा पहिलाच बरा, असे चक्रही बहुमताने तयार होऊ शकते, असे त्याने सिद्ध केले. तेव्हा तुमच्याकडे जे झाले त्याला सर्वाधिक मते म्हणता येईल, बहुमत म्हणता येणार नाही.

परंतु मोजणी सुधारली असती म्हणजे हा प्रसंग टळला असता, असे मात्र मुळीच समजू नका. १२ पैकी ११ मते वैद्यबुवांच्या विरोधात पडली असती, तरी ताई याच शब्दांत तेवढेच लिहून निघून गेल्या असत्या, आणि माझ्या मते त्यांचे तेव्हाही बरोबरच असते.

तुमच्या गटात, जसा अशा प्रत्येक गटात असतो, एक नियम पहिल्या दिवसापासून असणार : दुसऱ्याच्या पात्राच्या हातून काही घडवायचे नाही. खेळाडू त्याला गॉडमोडिंग म्हणतात, आणि नवख्या सदस्याने तसे केले तर मॉडरेटर त्याचा मजकूर काढून टाकून त्याला समज देतो. आता कल्पना करा, एखाद्या सदस्याने कोणालाही न विचारता असे लिहिले असते की वैद्यबुवा मध्यरात्री तटाखाली उतरले आणि त्यांनी शत्रूला चोरवाट दाखवली. तुम्ही तो मजकूर तासाभरात काढला असता. तेच काम पाच जणांनी मिळून एका बटणावर बोट ठेवून केले, तेव्हा ते नियमात बसले. ताईंना लागले असेल ते हे. दीड वर्ष ज्या बाईंनी त्या पात्राचे बोलणे, त्याची औषधे, कदाचित त्याचा एखादा जुना पश्चात्तापसुद्धा शब्द तोलून लिहिला, त्यांना सकाळी फोन उघडल्यावर कळले की आपला माणूस आतून कसा होता हे इतरांनी परस्पर ठरवून टाकले आहे.

ही जखम नवी नाही. १९९० मध्ये पॅव्हेल कर्टिस या संशोधकाने झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्रात ‘लॅम्डामू’ नावाचे, निव्वळ मजकुरावर चालणारे एक सामायिक जग उभे केले. तिथल्या व्यवस्थापकांना ‘विझर्ड’ म्हणत. सदस्यांची भांडणे सोडवून कंटाळलेल्या या मंडळींनी १९९२ च्या डिसेंबरात जाहीर केले की यापुढे आम्ही फक्त तांत्रिक कामे पाहू, समाजाचे निर्णय समाजाने घ्यावेत. पुढच्याच वर्षी एका सदस्याने असे साधन वापरले की इतरांची पात्रे, त्यांनी स्वतः न लिहिलेली किळसवाणी कृत्ये करताना सगळ्यांच्या पडद्यावर दिसू लागली. त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि त्यातून अर्ज आणि मतदानाची एक व्यवस्था जन्माला आली, जिच्यात प्रस्ताव संमत व्हायला विरोधातल्या मतांच्या दुप्पट मते बाजूने पडावी लागत. तरीही १९९६ मध्ये विझर्डांना कबूल करावे लागले की तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय असे कप्पे करून हात झटकता येत नाहीत, आणि त्यांनी निर्णयाची जबाबदारी पुन्हा स्वतःकडे घेतली. हा इतिहास मी दोन कारणांसाठी सांगतो. आपल्या पात्राच्या हातून दुसऱ्याने काही करवले तर ते माणसाला खरोखर लागते, ‘अहो, खेळच तर आहे’ म्हणून ते पुसले जात नाही, हे पहिले कारण. दुसरे तुमच्यासाठी आहे. तुम्ही पोल टाकलात तेव्हा एक अवघड निर्णय खांद्यावरून उतरवून ठेवलात, आणि तो उतरला असे तुम्हाला वाटले. तसे होत नाही. कोणता प्रश्न मताला टाकायचा, हा निर्णय सूत्रधाराचाच राहतो.

मतदानाने गोष्ट चालवता येतच नाही, असे मी म्हणत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत ट्विच या, खेळ थेट दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पोकेमॉनचा एक जुना खेळ प्रेक्षकांच्या हाती दिला गेला आणि लाखो अनोळखी लोकांनी गप्पांच्या चौकटीत ‘वर’, ‘खाली’ असे हुकूम टाकत टाकत १६ दिवसांत तो संपवला. मध्ये गाडे अडले तेव्हा प्रत्येकाचा हुकूम लगेच पाळण्याऐवजी मते मोजून पुढे जाण्याची सोयही केली गेली, आणि तिच्यावरून बरीच हमरीतुमरी झाली. पण तिथे पात्र एकच होते आणि ते कोणाच्याच मालकीचे नव्हते. तुमच्या किल्ल्यात १४ माणसांची १४ पात्रे आहेत. सामायिक वस्तूंवर मत जरूर घ्या. दुसऱ्याच्या पात्राचे मन ही सामायिक वस्तू नव्हे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. निकाल फिरवावा का? माझे उत्तर असे की निकाल कागदावर तसाच ठेवावा आणि त्याचा अर्थ बदलावा. वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यात चोरवाट फुटली आहे, एवढेच सर्वांना माहीत आहे, आणि जो तो एकमेकाकडे बघतो आहे. अशा वेळी सदरेवर काय चालेल? पाच जण वैद्यबुवांकडे बोट दाखवतील, चौघे कारकुनाचे नाव घेतील, तिघे दबक्या आवाजात मेहुण्याबद्दल बोलतील, आणि दोघे अजून काही बोललेले नसतील. तुमच्या पोलचा निकाल म्हणजे हुबेहूब हाच प्रसंग आहे! त्याला सत्य समजण्याऐवजी किल्ल्यातला संशय समजा. कोणाचेच मत वाया जात नाही, आणि ताईंचे पात्र पुन्हा त्यांच्या हाती येते. ज्या तिघांनी उत्साहाने प्रसंग लिहिले त्यांचा मजकूरही उडवावा लागत नाही. झोळीत मोहरा सापडल्या हे खरेच राहू द्या. त्या झोळीत कशा आल्या, हे मात्र फक्त ताई सांगतील. एखाद्या जखमी शत्रुसैनिकाने उपचाराचे मोल म्हणून दिल्या असतील, कोणीतरी मुद्दाम ठेवल्या असतील, किंवा, कोण जाणे, ताईंनाच पुढे वाटेल की आपला म्हातारा खरोखर फितला होता. तशी कबुली त्यांच्या लेखणीतून आली तर तुमच्या कथानकातला तो सर्वांत मोठा क्षण ठरेल. पोलमधून आली तेव्हा ती नुसती एक नोंद होती.

हा बदल गटात जाहीर करताना मतदारांच्या वतीने माफी मागू नका. त्यांनी काही चूक केली नाही. त्यांना जे विचारले त्याचे त्यांनी उत्तर दिले. ‘प्रश्न मी चुकीचा विचारला, आणि तोही घाईने’ एवढे स्पष्टपणे लिहा. सूत्रधाराने एकदा असे लिहिले की गटातला निम्मा ताण उतरतो, कारण मग कोणालाच आपली बाजू लढवत बसावे लागत नाही.

ताईंना वेगळा, खासगी निरोप पाठवा, आणि तो जाहीर निवेदनाच्या आधी पाठवा. त्यात गटात कोण काय म्हणाले याचा वृत्तान्त नको, ‘तुमच्याशिवाय मजा नाही’ अशी गळ नको, आणि ‘तुम्ही वेळेवर ऑनलाइन असतात तर’ हे तर अजिबातच नको. मी असे लिहिले असते : “ताई, वैद्यबुवांबद्दलचा निर्णय तुमचा होता, तो मी इतरांना विचारला. तो निकाल आता फक्त किल्ल्यातल्या लोकांचा संशय म्हणून राहील. मोहरांचे काय करायचे ते तुम्ही ठरवा. तो प्रसंगच नको असेल तर तसे कळवा, मी काढून टाकीन. घाई नाही.” यातले शेवटचे दोन शब्द मनापासून लिहा आणि पाळा. मी स्वतः एका गटात सूत्रधार असताना एका मित्राचे पात्र त्याला न विचारता नदीत बुडवले होते, कारण मला त्या आठवड्याचा शेवट जोरकस हवा होता. नंतर मी त्याला तीन दिवसांत चार निरोप पाठवले. त्याने बुडणे माफ केले, ते चार निरोप नाही.

पुढे निर्णय कसे घ्यायचे, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते मतदानाच्या यंत्रात नाही. कोणता निर्णय कोणाचा, हे आधी ठरवण्यात आहे. वेढा उठावा की किल्ला पडावा, कथेने पावसाळा ओलांडावा का, जादूटोणा या जगात खरा असतो का, हे सर्वांचे प्रश्न आहेत, कारण त्यांचे परिणाम सर्वांवर होतात. पात्र काय विचार करते, कोणावर प्रेम करते, कोणाला दगा देते आणि मरते की नाही, हे ज्याचे पात्र त्याचे. आणि कृतीचा परिणाम काय, तोफ कुठे पडली, धान्य किती दिवस पुरेल, हे सूत्रधाराचे. सीमेवर वाद होतीलच. किल्ला पडणे सर्वांच्या हाती, पण पडत्या किल्ल्यातून प्रत्येक पात्र कसे बाहेर पडते, किंवा पडत नाही, ते त्या त्या खेळाडूच्या हाती, असा दोर मधूनच कापावा लागतो. दर वेळी तो कुठे कापला ते लिहून ठेवा. वर्षभरात तुमचा स्वतःचा कायदा तयार होईल.

यावर तुमच्यातला कोणी लगेच म्हणेल की मग प्रत्येक जण आपल्या पात्राला सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवील आणि कोणाचेच काही बिघडणार नाही. शंका रास्त आहे. नकाराचा अधिकार आपल्या पात्रापुरता असतो, जगापुरता नसतो, हे म्हणूनच आधी बजावून सांगावे. जो खेळाडू आपले पात्र एकटे शत्रूच्या छावणीत घुसवतो, त्याला ‘पकडला जाणे मला मान्य नाही’ असे म्हणून मोकळे सुटता येणार नाही. तिथे सूत्रधाराने निकाल लादण्याऐवजी नुकसानीची निवड द्यावी : पकडला जा, किंवा सुटताना सोबतचा माणूस गमाव, किंवा सूट, पण चोरवाटेचा नकाशा तिथेच राहू दे. काहीतरी जाणार हे सूत्रधाराने ठरवले, काय जाणार ते खेळाडूने. माझ्या अनुभवात अशी निवड दिली की खेळाडू बहुधा सर्वांत वेदनादायक पर्यायच उचलतात. लिहिणाऱ्या माणसाला आपल्या पात्राचे हाल करायला आवडते. दुसऱ्याने केलेले आवडत नाहीत.

काही विषय मात्र असे असतात की तिथे निवड देण्याचाही प्रश्न येत नाही. टेबलावर बसून असे खेळ खेळणाऱ्यांनी यासाठी सोप्या रीती बसवल्या आहेत. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी रूढ केलेल्या ‘एक्स-कार्ड’मध्ये टेबलाच्या मध्यभागी एक फुली काढलेले कार्ड असते, कोणीही त्याला हात लावला की चालू प्रसंग तिथेच सोडून द्यायचा आणि कारण विचारायचे नाही. रॉन एडवर्ड्स यांची ‘रेषा आणि पडदे’ ही कल्पनाही तशीच आहे : काही गोष्टी रेषेपलीकडच्या, म्हणजे कथेत येणारच नाहीत, आणि काही पडद्याआडच्या, म्हणजे घडतील पण वर्णन होणार नाही. तुमच्या लेखी खेळात कार्डाची जागा एखादे ठरलेले चिन्ह घेऊ शकते. वेढ्याची कथा म्हटली की उपासमार, छळ, मुलांचे मृत्यू हे सारे दाराशी उभे असते. कोणाच्या घरात नुकतेच काय घडले आहे हे १४ जणांच्या गटात सगळ्यांना माहीत नसते, आणि ते सांगायला लागू नये.

सर्वांच्या प्रश्नांसाठी चर्चा आणि निर्णय वेगळे ठेवा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा आपले निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते, हे तुम्ही ऐकले असेल. त्याच्या जोडीला तिथे अभ्यासगट असतो हे कमी लोकांना ठाऊक आहे. अभ्यासगटात विषय सगळ्या बाजूंनी चघळायचा, तिथे काही ठरवायचे नाही. ठरवायचे ते ग्रामसभेत. जंगलावरच्या हक्काच्या गोष्टी आणि आपल्या काल्पनिक किल्ल्याची गोष्ट यांची तुलना करण्याचा आगाऊपणा मी करत नाही, पण ही रीत उसनी घेण्याजोगी आहे. तुमच्या ओओसी, म्हणजे पात्राबाहेरच्या गप्पांच्या, चॅनलवर जे चालते ते याच्या उलट असणार : चार भराभर टाइप करणारे सदस्य रात्री दोनशे संदेश लिहितात, त्यांच्यापुरते सगळे ठरून जाते, आणि सकाळी उठणाऱ्याला वाटते की आता बोलून काय उपयोग. चर्चा हवी तितकी होऊ द्या. ती निवली की तुम्ही पाच-सहा ओळींत पर्याय मांडा, तो मजकूर पिन करा, आणि तिथून निर्णयाची मुदत सुरू होते असे जाहीर करा.

ती मुदत किमान ७२ तासांची असू द्या, आणि तिच्यात एक रविवार येऊ द्या. तुमचा पोल पुण्यात संध्याकाळी सहा ते रात्री बारा उघडा होता. जूनमध्ये तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ ते दुपारचे अडीच वाजलेले असतात, म्हणजे माणूस कामावर असतो. मेलबर्नमध्ये रात्रीचे साडेदहा ते पहाटेचे साडेचार, म्हणजे माणूस झोपलेला असतो. ज्या दोघांची मते आली नाहीत ते हेच दोघे, हा योगायोग नव्हे. मत विचारताना ‘यांपैकी एक निवडा’ असे म्हणू नका. ‘यांपैकी जे जे चालतील त्या सगळ्यांवर खूण करा’ असे म्हणा. असा पर्याय निवडून येतो जो थोड्यांना फार आवडण्यापेक्षा पुष्कळांना पुरेसा पटतो, आणि मिळून लिहायच्या गोष्टीला तेच हवे असते. ज्याला एखादा पर्याय सहनच होणार नाही, त्याने दोन ओळींत हरकत लिहावी, आणि तिला उत्तर मिळाल्याशिवाय तुम्ही पुढे जाऊ नये. उत्तर मिळणे म्हणजे हरकत मान्य होणे नव्हे, हेही सांगून ठेवा.

फासे टाकून ठरवावे का, असेही कोणी सुचवील. प्रत्येक फाशावर येणारे उत्तर ज्याला ते सोसायचे आहे त्याला आधीच मान्य असेल, तर खुशाल टाका. एरवी फासा म्हणजे चेहरा नसलेला पोल.

राहता राहिला फितूर. खरे सांगायचे तर फितूर कोण हे जाहीर पोलने ठरवण्यात मला दुसराही एक तोटा दिसतो : गुपितच फुटते. रात्री बाराला सर्वांना उत्तर कळले, मग संशयाचे प्रसंग लिहायचे कोणासाठी? अशा भूमिकेसाठी सूत्रधाराने प्रत्येकाला खासगीत विचारावे, ‘तुमच्या पात्राच्या मनात पाप आलेले चालेल का?’ १४ जणांत एखादा तरी असा निघतोच, की जो या प्रश्नाची वाटच पाहत असतो. मला तुमच्या कारकुनाचा संशय आहे. हिशेबाच्या वह्या ज्याच्या हाती, त्याला चोरवाटेची किंमत ठाऊक असते. त्याच्या खेळाडूला आजच विचारा, आणि त्याने ‘हो’ म्हटले तर ते मलाही कळवू नका.

ताईंचे उत्तर आले नाही तर महिनाभर वाट पाहा. तोवर वैद्यबुवांना कोणी मारू नये, पकडू नये, निर्दोषही ठरवू नये. संशय अंगावर आलेला एक म्हातारा झोळी खांद्याला लावून घाटाखाली औषधी मुळ्या शोधायला गेला आहे आणि अजून परतलेला नाही, एवढेच लिहा, आणि रात्री त्याच्यासाठी दिंडी दरवाजाची कडी कोणीतरी काढून ठेवते, असे एखाद्या पहारेकऱ्याच्या प्रसंगात येऊ द्या.